गायरानावरची रानफुलं कशी टिकवायची?

प्रश्न (धाराशिव): आमचं गायरान मुरमाड, बालाघाटाच्या कडेचं. पावसाळ्यात विष्णुक्रांता, कुर्डू, कळलावी, तरवड फुलतात. ग्रामपंचायत तिथं सरसकट झाडं लावणार आहे. फुलं वाचतील का? बी गोळा करून पेरावं का?

माळरान: दादा, आधी खड्डे थांबवा. ही फुलं उन्हाची आहेत, दाट सावलीत टिकत नाहीत. खोदलेल्या मोकळ्या मातीत पहिलं येतं ते गाजरगवत. झाडं गावाकडेला, रस्त्यालगत लावा ना! गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून ही फुलं लोक जैवविविधता नोंदवहीत घ्या आणि ग्रामसभेत ठराव मांडा.

बीजसंग्राहक: पेरणीपेक्षा चराई-कापणीची वेळ सांभाळणं महत्त्वाचं. जुलै ते ऑक्टोबर निम्म्या भागात चराई बंद, पुढच्या वर्षी दुसरा भाग. गवत बी झडल्यावरच कापा. आधी कापलं तर कुर्डूसारख्या वर्षायू (एकाच वर्षात उगवून, फुलून मरणाऱ्या) फुलांचं पुढचं बी मातीत पडतच नाही. उजाड तुकड्यावरच पेरा, बीही त्याच माळाचं, दहातली एखादीच शेंग घेऊन. तरवडाचं कवच कठीण असतं; वाळूकागदावर हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगतो, कळलावीचा कंद उकरू देऊ नका, तो भयंकर विषारी असतो. शिवाय कंद गेला की वेलच गेला. गाजरगवत फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलल्यावर उपटून ओढत नेलं तर बी सगळ्या माळावर पसरतं.