शाकाहारी घरात बी-१२ कमी आढळले. मांसाहार सुरू करणे हाच उपाय आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहे. दूधदुभते चालते, अंडे चालत नाही. वडिलांचे वय ६८ असून मधुमेहासाठी ते बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत आहेत. तळपायांना सतत मुंग्या येतात म्हणून त्यांची रक्ततपासणी केली, तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व १४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर इतके कमी आढळले. त्यानंतर मी आणि पत्नीनेही तपासणी करून घेतली, तर आम्हा दोघांचे आकडेही दोनशेच्या आतच निघाले.

आता घरात दोन पक्ष पडले आहेत. माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे की, पालेभाजी-भाकरीवर हेच होणार, निदान रविवारी तरी मटण खायला लागा. इंग्लंडमध्ये शिकणारी धाकटी बहीण व्हीगन झाली आहे, म्हणजे दुधासह कोणताही प्राणिजन्य पदार्थ ती खात नाही. ती म्हणते की मांस कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेच जाहीर केले आहे, तेव्हा मांस तर नकोच, पण दूधही सोडा. धर्म आणि प्राणिदया हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी ते मला येथे विचारायचे नाहीत. केवळ आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर शाकाहार अपुरा आहे का, एवढेच जाणकारांनी सांगावे.

अर्धविराम (पुणे)

मी जीवरसायनशास्त्र शिकवत असे, वैद्य नाही. तेव्हा वडिलांच्या उपचारांबाबत त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा. मुंग्या येण्यापर्यंत मजल गेली असेल तर त्यात दिरंगाई नको, कारण बी-१२च्या अभावाने मज्जातंतूंना झालेली इजा फार लांबली तर ती पूर्णपणे भरून येईलच असे नसते.

तिघांचेही आकडे कमी निघाले याचे मला नवल वाटत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ६७ टक्के पुरुषांचे बी-१२ कमी होते. शाकाहाऱ्यांमध्ये ही कमतरता असण्याची शक्यता इतरांच्या ४.४ पट होती. म्हणजे आहाराचा संबंध आहेच. पण निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांत आढळणारी गोष्ट केवळ 'घासफूस खाणाऱ्यांची' म्हणून बाजूला सारता येत नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत आणि प्राणीही करत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव करतात. गाई, म्हशी, शेळ्या यांच्या पोटातील जीवाणू ते बनवतात, मग ते त्या प्राण्यांच्या यकृतात व मांसात साठते आणि थोडेसे दुधात उतरते. आपण ते खाल्ले की जठरात स्रवणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, आणि ही यंत्रणा एका जेवणातून साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅम एवढेच उचलू शकते. त्यापलीकडे जे काही पोटात जाईल त्याचा जेमतेम एक टक्का रक्तात पोहोचतो. आपल्या मेहुण्यांच्या सल्ल्यातील उणीव नेमकी येथे आहे. रविवारी अर्धा किलो मटण खाल्ल्याने आठवड्याची बेगमी होत नाही; थोडे थोडे, पण वारंवार मिळणे अधिक उपयोगाचे. महाराष्ट्रातील कित्येक 'मांसाहारी' घरांत सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण वगळता आठवड्यातून एखाद्या वेळीच सामिष शिजते, हे ध्यानात घेतले की वरच्या ६७ टक्क्यांचा उलगडा होऊ लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी रोज २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ सुचवले आहे. अर्धा लिटर दुधात सुमारे दोन मायक्रोग्रॅम असते, म्हणजे कागदावर दूध पिणारा शाकाहारी माणूस जवळपास पोहोचतो. पण 'दूधदुभते भरपूर' म्हणणाऱ्या घरांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्षात चहापुरते दूध आणि पातळ ताक येते, शिवाय वारंवार उकळण्याने काही भाग नष्टही होतो. इडली, लोणचे किंवा स्पिरुलिना (शेवाळासारखा एक पूरक पदार्थ) यांत बी-१२ असते अशी एक समजूत फिरत असते, तिच्यावर मुळीच विसंबू नये; स्पिरुलिनात आढळणारा रेणू बी-१२सारखा दिसतो, पण माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मेटफॉर्मिनमुळे बी-१२चे शोषण मंदावते, आणि वयानुसार जठरातील आम्लही कमी होत जाते. आम्लपित्तासाठी ते रोज गोळी घेत असतील तर तीही त्यात भर घालते. ते आयुष्यभर मांसाहारी असते तरी त्यांचा आकडा कमी येऊ शकला असता.

माडाखाली (मालवण)

वरील विवेचन उत्तम आहे. मात्र 'मांस' या एका शब्दाखाली बांगडा आणि सॉसेज दोन्ही एकत्र टाकले जातात, हे मला खटकते. बहिणीने ज्याचा उल्लेख केला तो निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केला होता. त्यात प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे बेकन, सॉसेज, हॅम यांसारखे पदार्थ, पहिल्या गटात आहेत. या गटातील गोष्टी कर्करोगास कारणीभूत ठरतात असा पुरेसा पुरावा आहे. गाय, म्हैस, डुक्कर, शेळी-मेंढी यांचे तांबडे मांस त्याखालच्या, 'बहुधा कारणीभूत' या गटात आहे. रोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो अंदाज होता. पुराव्याची खात्री किती, हे गटावरून कळते. धोका किती मोठा, हे त्यावरून कळत नाही. तंबाखूही पहिल्याच गटात आहे, म्हणून सॉसेज तंबाखूइतके घातक ठरत नाही. आणि मासे त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हतेच.

बांगडा आणि तारली यांत बी-१२ विपुल असते, आणि हृदयाला उपकारक अशी ओमेगा-३ मेदाम्लेही थेट मिळतात. जवस किंवा अक्रोड यांतील ओमेगा-३ वेगळ्या रूपात असते आणि शरीर त्याचे रूपांतर फार थोड्या प्रमाणात करू शकते. तेव्हा ज्याला चालते त्याने मासे खावेत, असे मी नक्कीच म्हणेन. मात्र मासे खाल्ले म्हणजे सगळे साधले, असेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. त्याचे खापर माशांवर फोडणे चूकच ठरेल, कारण शहरीकरण आणि उत्पन्न यांचाही त्यात वाटा असू शकतो. परंतु आमच्या किनाऱ्यावरच्या ताटात दोन तुकड्या आणि भाताचा डोंगर असतो, हेही नाकारता येत नाही.

सदाफुली (इंग्लंड)

मी स्वतः व्हीगन आहे, म्हणून आपल्या बहिणीच्या बाजूने थोडे, आणि विरुद्धही थोडे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधील सुमारे ४८ हजार लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २०१९ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यानुसार शाकाहाऱ्यांमध्ये (यांत व्हीगनही धरले होते) हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होता, तर पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त होता. टक्के ऐकून दोन्ही बाजूंची माणसे हुरळून जातात, म्हणून प्रत्यक्ष संख्या सांगते: दर हजार माणसांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे दहा रुग्ण कमी, आणि पक्षाघाताचे तीन जास्त. याच अभ्यासाच्या २०२० मधील निष्कर्षांत व्हीगन मंडळींमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी अधिक आढळले. वजन, कॅल्शियम आणि प्रथिने यांचा हिशेब केल्यावर फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. हे सर्व निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, त्यामुळे कार्यकारणभाव ठामपणे सांगता येत नाही, आणि येथील शाकाहारी माणूस बहुधा व्यायाम करणारा, धूम्रपान टाळणारा असतो. सांगलीतील शाकाहाराला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

येथे वनस्पतिजन्य दुधात, सकाळच्या सिरियलमध्ये बी-१२ वरून घातलेले असते, त्यामुळे व्हीगन आहार बराचसा निभावून जातो. सांगलीत वाण्याकडून आणलेल्या धान्याकडधान्यांत ते नसते. तेथे दूध सोडणे म्हणजे उरलासुरला स्रोतही बंद करणे आहे, हे बहिणीला जरूर सांगा. आणि तीही पूरक गोळी घेते का, हे विचारा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आहेत. आमच्या दोघांच्या बाबतीत गोळ्या पुरेशा होतील का? आम्ही अपत्याचा विचार करत असून पत्नीला फॉलिक ॲसिड सुरू आहे, तेव्हा बी-१२ची घाई करावी की आहारातूनच हळूहळू वाढवावे?

अर्धविराम

आहारावर सोडू नका, आणि थांबूही नका. पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास याज्ञिक यांच्या चमूने केला, त्यात दोनतृतीयांश मातांचे बी-१२ कमी होते, मात्र फॉलेटची (फॉलिक ॲसिड हे त्याचेच औषधातील रूप) कमतरता जवळपास कोणातच नव्हती. त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा इन्शुलिनला सर्वाधिक प्रतिरोध (मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती) त्या मुलांमध्ये दिसला, ज्यांच्या मातांचे बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. याचा अर्थ फॉलिक ॲसिड बंद करावे असा मुळीच नाही. गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी ते अत्यावश्यकच आहे. पण केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास बी-१२च्या अभावाने होणारा पांडुरोग (रक्तक्षय) झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आत सुरूच राहते. म्हणून पत्नीचा अहवाल स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून दोन्ही एकत्र घ्यावे.

गोळ्यांनी बहुतेकांचे काम भागते. हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली की त्यातील एक टक्का, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, जठरातील त्या प्रथिनाच्या मदतीशिवायही रक्तात जातात, आणि ते रोजच्या गरजेच्या चौपटीहून अधिक आहे. मात्रा आणि कालावधी डॉक्टरांनी ठरवावा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. तेव्हा शक्य असल्यास होमोसिस्टीनही (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे अमिनो आम्ल) पाहावे, कारण गोळी सुरू असताना रक्तातील बी-१२चा आकडा फुगून दिसतो.

आपल्या घरी शंका निघेल म्हणून सांगतो, औषधातील बी-१२ कारखान्यात जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यात मांसाचा संबंध नसतो. काही कॅप्सूलांचे कवच मात्र जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. साधी गोळी मागितली की तोही प्रश्न उरत नाही.