पटाचा बैल औताला? स्पोर्ट्स कारमधी पळणं मोठं का भरवसा मोठा

जालन्याचा गडी:
मंडळी, राग काढायलाच लिहायलोय, आधीच सांगतो. मागच्या मे महिन्यात समृद्धीवर जालना सोडून सिंदखेडराजाकडं निघालो होतो, दुपारचे दोन वाजलेले, बाहेर ४३, अन् आमची दोन दारांची जर्मन गाडी (कंपनीचं नाव घेत नाही, उगं भांडण नको) लाल दिवा दाखवून बंद. खाली उतरून बघतो तर गुलाबी कूलंटचं (इंजिन गार ठेवायच्या पाण्याचं) थारोळं. दोन तास कडेला उभा, झाड नाही सावली नाही, बायको अन् पोरगं बॅरियरच्या पलीकडं ओढणी धरून बसलेले, अन् शेजारून कांद्याची पोती भरलेला छोटा हत्ती निवांत गेला, ड्रायव्हरनं हात पण केला. असल्या गाडीला टोचन लावता येत नाही, फ्लॅटबेडच (सपाट ट्रक) लागते, त्यावरून ती पुण्याला गेली, पार्ट यायला पाच आठवडे, बिल दोन लाखाच्या वर. पार्ट कोणता? प्लास्टिकच्या पाईपचा जोड!

साडेतीन सेकंदात शंभरला जाऊन मी करू काय, समृद्धीवर लिमिट १२०. घरातून निघताना ज्या गाडीनं पोटात गोळा येतो तिचा परफॉर्मन्स कागदावर राहू द्या. आता दुसरी बघायलोय, जपानी मिळाली तर ठीक, नाही तर कमीत कमी चाललेली तरी. बोला.

नऊ हजार आरपीएम:
दादा, पटाचा बैल औताला जुंपायचा अन् बसला की बैलाला शिव्या द्यायच्या, हे कुठलं? शंकरपटातला बैल काही सेकंद जीव तोडून पळतो, त्याला खुराक वेगळा, मालिश वेगळी, कुणी त्याच्याकडून नांगरट करून घेत नाही. भरवसाच पाहिजे तर टोयोटाची कॅमरी घ्या, एसी लावा, झोपा.

इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत फिरवायचं तर रॉड, पिस्टन सगळं हलकं करावं लागतं. जाड केलं की टिकतं पण मग ते फिरत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. पोर्शेच्या जीटी३ चं २०१४ ला काय झालं आठवा, कनेक्टिंग रॉडचे स्क्रू सैल होऊन गाड्या पेटल्या, कंपनीनं जगभरच्या ७८५ मालकांना सांगितलं चालवूच नका, अन् सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. तरी आज ती गाडी लोक शोधत फिरतेत. कामून? कारण तसा आवाज दुसरीकडं नाही.

जालन्याचा गडी:
शोधतेत कारण इंजिन फुकट बदलून मिळालं. मला कोण देतंय फुकट. मला तर नव्या जोडाचं रिकामं खोकं पण दिलं नाही.

देवणीवाला:
आता बैलाची गोष्ट काढलीच आहे तर लातूरकरानं गप बसणं बरं नव्हे. आमच्या उदगीर देवणी पट्ट्यातली देवणी, गाय दूध देते अन् बैल औत ओढतो, एकाच जातीत दोन्ही. म्हणजे एक पाहिजे तर दुसरं सोडा हा नियम बैलांत पण नाही.

गाड्यांतली देवणी म्हणजे होंडाची एनएसएक्स, १९९० ची. सगळी अल्युमिनियमची बॉडी, मधोमध ३ लिटरचं सहा सिलिंडरचं व्ही६ इंजिन, बनवताना फॉर्म्युला वनच्या सेन्नाला चालवायला देऊन त्याचं ऐकून चेसी (गाडीचा सांगाडा) कडक केली, अन् एवढं करून ती रोज ऑफिसला नेता यायची, काच पुसावी अन् निघावं. त्याच काळातली फेरारी ३४८ किंवा तिच्यानंतरची एफ३५५ घ्या, टायमिंग बेल्ट बदलायला इंजिनच खाली उतरवावं लागायचं, अन् ते पण दर काही वर्षांनी, गाडी चालवा की नका चालवू. ज्यानं डिझाईन केलं त्यानं मिस्त्रीच्या हाताचा विचारच केला नाही असं माझं मत. होंडानं केला. हा आळस आहे, परफॉर्मन्सची किंमत बिंमत काही नाही.

नऊ हजार आरपीएम:
देवणी चांगलीच आहे हो, पण पटात हरते. एनएसएक्स २००५ पर्यंत चालली, पंधरा वर्षांत बाकीचे कुठल्या कुठं गेले अन् ती जवळपास तिथंच. भिंतीवर पोस्टर कुणाचं लावलं होतं तुम्ही, खरं सांगा.

शेंद्रा सेकंड शिफ्ट:
नाईट संपवून आलोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. इथं संभाजीनगरजवळ शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचा प्लांट आहे, ऑडी पण इथंच जोडल्या जायच्या, मी त्यांच्याकडं नाही, एका सप्लायरकडं आहे, पण टॉर्क रेंच रोज हातात असतो म्हणून बोलतो. तुम्ही दोघं पळणं अन् टिकणं ह्या दोन वेगळ्या वस्तू धरून भांडायलाव. रेसिंगवाले तसं धरतच नाहीत. २०१६ चं ले मॉं बघा. चोवीस तासांची रेस, टोयोटाची ५ नंबरची गाडी पुढं, तेवीस तास छप्पन्न मिनिटं सगळं बरोबर, अन् शेवटचे तीनेक मिनिटं राहिले असताना ड्रायव्हर नाकाजिमा रेडिओवर ओरडायला की पॉवर नाही. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) अन् इंटरकूलर (ती हवा गार करणारा) ह्यांच्या मधली हवेची लाईन असते, तिचा जोड गेला. जोड! जालनेकरांचा पाण्याचा गेला, ह्यांचा हवेचा गेला. पोर्शे शेजारून निघून जिंकली. टोयोटा रखडत रखडत लाईनपर्यंत आली पण शेवटचा लॅप नियमापेक्षा लांबला म्हणून निकालात नावसुद्धा नाही. सर्वात पळणारी गाडी, अन् निकालात नाव नाही.

अन् गंमत बघा, भरवशाची म्हणून ज्यांचं नाव घेतो ते बंद पडले अन् पळणारे म्हणून ज्यांचं नाव घेतो ते टिकले. २०१८ ला टोयोटानं पहिल्यांदा जिंकली. मधल्या काळात त्यांनी काय केलं असेल, जास्त जोर लावला का जोड बघितले, तुम्हीच ठरवा.

नऊ हजार आरपीएम:
ते मान्य. पण रेस टीमकडं चाळीस माणसं अन् स्पेअरचा ट्रक असतो, जालन्यात काय आहे?

शेंद्रा सेकंड शिफ्ट:
मग तेच तर म्हणतोय ना मी 😄

परभणीचे डॉक्टर:
मला ह्या चर्चेतला 'लक्झरी' हा शब्द राहून गेल्यासारखा वाटतो. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या होत्या, ६५ कोटींचा व्यवहार, देशभर बातमी झाली. त्यातल्या किती जणांनी शून्य ते शंभर किती सेकंदात हे विचारलं असेल? मराठवाड्यात सुद्धा हे होऊ शकतं, हे दाखवायचं होतं, आणि ते दाखवलं. मला त्यात काही चूक दिसत नाही. स्पोर्ट्स कारचंही आपल्याकडे निम्मं तसंच आहे, ती उभी असली तरी तिचं काम होतं. जालनेकर, तुम्ही चालवायला गेलात हीच चूक. (गंमत करतोय.)

कळंबचा:
डॉक्टर गंमतीत बरोबर बोलले पण उलटं. उभी ठेवणं हाच आजार आहे. आता पेट्रोल ई२० आलंय, वीस टक्के इथेनॉल, ते आपल्याच उसातून गेलेलं त्यामुळं मी त्याला वाईट म्हणणार नाही, ऑक्टेन (इंजिनात ठोके न येऊ द्यायची पेट्रोलची ताकद) वाढतं, टर्बोवाल्यांना ते चांगलंच. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, अन् टाकी अर्धी ठेवून गाडी दोन दोन महिने पत्र्याच्या शेडमधी उभी राहिली तर आत काय होत असंल बगा. त्यात जुन्या गाडीचे रबर अन् सील त्या हिशेबानं बनलेलेच नसतेत.

अन् उंदीर. सोयाबीन निघालं की घरात, गोठ्यात अन् बोनेटखाली. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं अख्खं वायरिंग खाल्लं, कंपनी म्हणाली क्लेम बघू, अजून बघायलेत.

गॅरेज, नांदेड:
एवढं सगळं बोलून झालं अन् एकानं पण जालनेकरांना विचारलं नाही की गाडी किती वर्षाची अन् किती चाललेली.

जालन्याचा गडी:
नऊ वर्षं. ३१ हजार किलोमीटर. म्हणून तर दोन लाख जास्त देऊन घेतली होती, एकदम कमी चाललेली.

गॅरेज, नांदेड:
तिथंच फसलाव. वर्षाला साडेतीन हजार, म्हणजे गाडी नऊ वर्षं उभीच होती मधून मधून हलवून. रबर अन् प्लास्टिक किलोमीटरनं म्हातारं होत नाही, वर्षांनी अन् उन्हानं होतं. ह्या इंजिनांची जागा टाईट, टर्बो बाजूलाच भट्टीसारखा तापलेला, प्लास्टिकचा जोड गरम गार गरम गार होऊन पापडासारखा होतो, अन् मालक महिन्यातून एकदा काढून डायरेक्ट समृद्धीवर नेतो, ते पण मे मधी. मग तो कडकन जाणार नाही तर काय करंल. तुमची गाडी पळण्यानं नाही मेली साहेब, न पळण्यानं मेली.

माझ्याकडं असल्या गाड्या फार येत नाहीत, वर्षाला सात आठ, पण जेवढ्या आल्या त्यात ऐंशी नव्वद हजार चाललेल्या अन् वेळेवर ऑईल घातलेल्या निवांत असतेत. जास्त चालली म्हणजे कुणीतरी आधीच जोड, वॉटर पंप, बुश बदललेत, बिलं असतेत. दहा हजारवाली चकाचक आली की मला भ्या वाटतं. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलावं लागतं, ते सुद्धा पाणी ओढतं, हे नव्वद टक्के लोकांनी केलेलं नसतं कारण 'चाललीच कुठं'. टायरचं तसंच. नक्षी नवी दिसते, आतून रबर वाळलेलं, अन् मग सिमेंटचा रस्ता, दुपार, १२०. त्यात फुटला तर पार्ट मागवायची गरज पडत नाही.

अन् जपानी म्हणालाव म्हणून सांगतो, जपानी पण दहा वर्षं शेडमधी ठेवा अन् मग मला दाखवा.

देवणीवाला:
शंभर टक्के. बैल बांधून ठेवला तरी आखडतो.

नऊ हजार आरपीएम:
म्हणजे मी म्हणतो तेच, गाडी पळवा. थँक्यू मिस्त्री.

गॅरेज, नांदेड:
तुम्ही म्हणता ते नाही. तुम्ही म्हणता मोडली तरी चालंल. मी म्हणतो रोज थोडी चालवा अन् जोड बघा. थंड इंजिनवर रेस मारणाऱ्याचं तोंड मी बघत नसतो.

परभणीचे डॉक्टर:
हे तर मी पेशंटना सांगतो तेच झालं, फक्त माझं कुणी ऐकत नाही.

जालन्याचा गडी:
बरं ऐका. येत्या रविवारी पुण्याला एक बघायला जायलोय, परत जर्मनच आहे, हसू नका, जपानी मिळंना. २०१६ चं मॉडेल, १४ हजार चालली म्हणतो मालक. आता तुमचं वाचून १४ हजारची भीती वाटायली. येताव का सोबत, डिझेल माझं, जेवण माझं.

गॅरेज, नांदेड:
रविवारी लग्नाची तीन बोलावणी आहेत. आधी मालकाकडून टायरचे फोटो मागवा, चारही. बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटचे चार आकडे दिसले पाहिजेत. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

जालन्याचा गडी:
आले फोटो. चारही ४०१८.

गॅरेज, नांदेड:
२०१८ चा चाळिसावा आठवडा. गाडी २०१६ ची. मग कंपनीचे पहिले चार टायर दोन अडीच वर्षांत संपवले कुणी, तेव्हा तर गाडी १४ हजार पण झालेली नसणार. मागचे दोनच बदलले असते तर समजलो असतो, असल्या गाडीत मागचे लवकर जातेत. पुढचे पण? एक तर मीटर मागं घेतलाय नाही तर गाडी ट्रॅकवर फिरलीय. सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतेत. देत नसंल तर पुण्याचं डिझेल वाचवा.

नऊ हजार आरपीएम:
ट्रॅकवर फिरलीय? म्हणजे कुणीतरी नीट पळवलीय. दादा, तुम्ही नाही घेतली तर नंबर मला द्या.