अवक्षेप धरला की गणित सुटतं

क्युप्रिक-क्युप्रस (तांब्याचे Cu²⁺ आणि Cu⁺ आयन) जोडीचा विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, ०.१५ व्होल्ट, आयोडीनचा ०.५४, मग क्युप्रिक क्लोराइडच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड टाकल्यावर आयोडीन सुटतंच कसं, ही शंका रास्त आहे. हिशेबात अवक्षेप, म्हणजे न विरघळता खाली बसणारा क्युप्रस आयोडाइड, राहून गेलाय. त्याचा विद्राव्यता गुणाकार (किती विरघळतो याचं माप) जेमतेम १०चा उणे १२वा घात. क्युप्रस आयन द्रावणात जवळपास उरतच नाही, आणि तांब्याच्या जोडीचा विभव चढून ०.८६वर जातो. फरक ०.३२ व्होल्ट, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांमागे मुक्त ऊर्जेत सुमारे ६२ किलोज्यूल घट. ब्रोमाइडला हे जमत नाही: अवक्षेप धरूनही ०.६४, समोर ब्रोमीन १.०७.

सुटलेलं आयोडीन मोजून तांबं मोजतात, त्या अनुमापनात मात्र हाच अवक्षेप आयोडीन धरून ठेवतो आणि स्टार्चचा निळा रंग पुन्हा पुन्हा उगवतो. त्यावर उपाय म्हणून पोटॅशियम थायोसायनेट घाला, पण अगदी शेवटाजवळ; आधी घातलंत तर आयोडीन त्याच्यावरच खर्ची पडतं.