जुनी उघड्या टपाची एमएक्स-५ घेऊ का? इंजिन टकटकतंय, ऑईल गळतंय, कार्पेट ओलं आहे

टप_उघडा
नमस्कार मंडळी. दोन सीटची, टप उघडणारी गाडी घ्यायचं खूळ डोक्यात कधीपासूनचं आहे आणि आता एक समोर आलीये. माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, ते हेडलाइट वर उघडतात ना ती. १९९१ ची, १.६ इंजिन, पाच गिअर. रंग एकदम चकाचक, हूड (वरचं घडीचं छत) नवीन टाकलंय, आणि चालवून बघितली तर गिअर इतके मस्त पडतात की उगाच बदलत बसावंसं वाटतं. रोजची गाडी वेगळी आहे, ही फक्त सुट्टीच्या दिवशी फिरवायला.

आता खटकलेलं सांगतो. थंड इंजिन चालू केलं की वरच्या बाजूने टकटक येते, गरम झाल्यावर बरीच कमी होते. दुसरं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑईलचा ओघळ आहे, मालक म्हणतो मागचं मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑईल अडवणारी रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, त्या हिशोबाने किंमत कमी करून देतो. तिसरं किरकोळ आहे, सीटच्या मागे कार्पेटला हात लावला तर ओलसर लागलं, तर म्हणाला कालच धुतलीये गाडी. मला भीती इंजिनची आहे, तीस वर्षांच्या वरचं इंजिन, उघडायला लागलं तर मेलोच. घेऊ का सोडू? आणि घेतलीच तर वर्षभर तिच्या मागे काय काय करावं लागतं तेही सांगा, गोड गोड बोलू नका.

पाना_दहाबारा
ज्याला तुम्ही किरकोळ म्हणताय ना तेच आधी बघा, इंजिनचं नंतर. ह्या गाड्या इंजिनने मरत नाहीत, पाण्याने मरतात.

कसं ते सांगतो. हूडवरचं पाणी मागच्या कडेने खाली येतं, तिथे आतून एक पन्हळ असते, त्यातून ते दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबाजवळच्या निचऱ्याच्या भोकात जातं आणि तिथून नळीने गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे बाहेर पडतं. गाडी झाडाखाली उभी असली की पानं, माती, बारीक कचरा सगळा त्या भोकात जाऊन बसतो, नळी तुंबते, मग पाणी एकतर आत कार्पेटवर येतं नाहीतर दाराखालच्या सिलमध्ये उतरतं आणि तिथे साचून पत्रा आतून खातं. बाहेरून काही दिसत नाही. जेव्हा रंगाला फोड दिसतो तेव्हा आतलं काम कधीच झालेलं असतं. बंद गाडीत सिल गंजला तर वाईटच, पण इथे वर छप्परच नाही, सगळी ताकद खालच्या ह्या दोन सिलांत आणि दोन सीटच्या मधल्या पत्र्याच्या बोगद्यात आहे, म्हणून इथला गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

परत जा आणि हे करा. हूड अर्धं उचला, मागे कडेला बोट घालून भोक शोधा आणि बाटलीतून सावकाश पाणी ओता. लगेच खालून धार आली पाहिजे. पाणी वरच थांबलं किंवा खाली नुसतं टपटप आलं तर समजून जा. दोन्ही बाजूंना करा, एकच करून येऊ नका. मग एक छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलच्या मागच्या टोकाला, चाकाच्या अगदी पुढच्या भागाला लावत जा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. चकाचक रंग म्हणालात ना, मला तर तोच जास्त संशयाचा वाटतो. रंग कधी मारला, का मारला, आधीचे फोटो आहेत का हे विचारा.

अजून एक, गाडी जॅकवर उचलायला सांगा आणि उचललेली असताना दार उघडून लावून बघा. दार अडकायला लागलं किंवा दाराची फट वर-खाली वेगळी दिसायला लागली तर बॉडी मधून वाकतेय. मग मालक काहीही सांगो, नमस्कार करून निघा.

आता तुमचं इंजिन. टकटक बहुतेक हायड्रॉलिक टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणारे, ऑईलच्या दाबावर चालणारे छोटे भाग) आहे, ह्या इंजिनात ती जवळजवळ प्रत्येकाची वाजते, गाडी बरेच दिवस उभी असली किंवा ऑईल जुनं असलं की जास्त. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ताजं ऑईल टाकून गाडी जरा पळवली की बऱ्याचदा गप्प बसतात. घाबरायचं ते खालून येणाऱ्या जड ठोक्याला, जो ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो. तो आणि हा आवाज वेगळा कळतो, कानाला लगेच.

आणि मेन सीलचं म्हणाल तर थांबा जरा. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला लागून, कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्ट किती फिरलीये ते सांगणारा) बसवलेला असतो, त्याला एक रबरी ओ-रिंग असते अंगठीएवढी. ती कडक झाली की ऑईल हेडच्या मागून ओघळत बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर येतं आणि खालून बघणारा म्हणतो मेन सील गेलं. टॉर्च घेऊन वरून बघा, सेन्सरच्या खाली ओलं आणि काळं असेल तर दोष तिथलाच. गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. फक्त सेन्सर काढण्याआधी तो नेमका कसा फिरवून बसवलाय त्यावर खूण करून ठेवायची, कारण इग्निशन टायमिंग त्याच्यावर आहे. काम झाल्यावर टायमिंग लाइट लावून १० अंशावर आहे का बघायचं. मालकाला हे आत्ता सांगू नका, सीलच्या नावाने किंमत कमी करतोय तर करू दे ;)

एक खरी खोट मात्र इंजिनात आहे. अगदी सुरुवातीच्या, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ ला क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं, तिथला बोल्ट नीट घट्ट नसला की पुलीची चावी (पुली शाफ्टवर सरकू नये म्हणून बसवलेली धातूची पट्टी) आणि खाच झिजते आणि मग क्रँकच बदलायची वेळ येते. तुमची गाडी नेमकी त्या सीमेवरची. इंजिन चालू ठेवून पुढची पुली बघा, डगमगताना दिसली तर सोडा. टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्या वेळी तो बोल्ट टॉर्क रेंचने कसला का, हे बिलावर लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं.

निवांत_गिअर
पानासाहेबांनी सगळं बरोबर सांगितलंय पण इतकं वाचून माणूस गाडीच घ्यायचा नाही राव 😄 माझं म्हणणं एवढंच की ह्या गाडीला घाबरू नका. मुळात साधी गाडी आहे. पहिल्यांदा दाखवली १९८९ साली शिकागोच्या शोमध्ये, डोक्यात होती ती साठच्या दशकातली ब्रिटिश छोटी रोडस्टर, लोटस एलानसारखी, फक्त ती रोज सकाळी चालूसुद्धा होईल अशी बनवायची. वजन टनाच्या आसपास, टर्बो नाही, कॉम्प्युटरचा फार पसारा नाही. ह्या १.६ चा टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, गाडी बंद पडते एवढंच. म्हणून बेल्ट तुटेपर्यंत थांबा असं म्हणत नाहीये हां, १ लाख किलोमीटरला बदलायचाच आणि गाडी कमी चालली असेल तरी वय झालं की बदलायचा, रबर आहे ते.

वर्षभर काय करावं लागतं विचारलंत तर सगळ्यात मोठं काम म्हणजे चालवणं. थट्टा नाही. नुसती झाकून ठेवलेली गाडी जास्त खर्च काढते. ब्रेकचे कॅलिपर धरून बसतात, विशेषतः मागचे, टायर एका जागी चपटे होतात, पेट्रोल शिळं होतं. आणि ते आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवतात ना लोक उभ्या उभ्या, ते तर अजिबात करू नका. त्यात इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी मात्र धरतं. अर्धा-पाऊण तास नीट पळवा नाहीतर चालूच करू नका.

बाकी क्लच. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधून फ्लुइडचा दाब येतो आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच ढकलतो, तो स्लेव्ह गळणार, आज नाही तर उद्या. पेडल मऊ लागायला लागलं, पहिला आणि रिव्हर्स करकर करायला लागला की बॉनेट उघडून फ्लुइड बघायचं. एकटा स्लेव्ह बदलला की थोड्या दिवसांनी मास्टर जातो म्हणून दोन्ही आणि मधला रबरी पाइप एकदमच करून टाका. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल ओढतं. रेडिएटरच्या वरची प्लास्टिकची टाकी बघा, नवी असताना काळी असते, तपकिरी-हिरवट दिसायला लागली की ती फुटायच्या मार्गावर आहे, आणि फुटते ती भर रस्त्यात, घरी कधीच नाही.

टायरचं पण सांगतो कारण नवीन मालक नक्षी बघतो आणि खूश होतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २५१४ म्हणजे २०१४ चा पंचविसावा आठवडा. नक्षी पूर्ण आणि वय दहा वर्षं असेल तर तो टायर दगड झालेला आहे. मागची चाकं ढकलणारी हलकी गाडी, स्टॅबिलिटी कंट्रोल वगैरे काही नाही, ओल्या रस्त्यावर वळणात पाय उचललात तर मागचा भाग पुढे यायला बघेल. आधी टायर, मग बाकीची हौस.

कापडी_छत
हूडबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. नवीन हूड म्हणजे कसलं नवीन ते बघा. पहिल्या पिढीच्या हूडला मागे प्लास्टिकची खिडकी असते आणि ती चेनने उघडते. हूड पाडायच्या आधी चेन उघडायची, खिडकी मागे सपाट निजवायची, त्यावर एक मऊ टॉवेल आणि मग हूड पाडायचं. थंडीत तर चेन न उघडता पाडलं की खिडकीला मधोमध घडी पडते आणि तिथूनच तडकते. विकणाऱ्याला म्हणा तुम्हीच पाडून दाखवा, तो चेनला हात न लावता धाडकन पाडतो का ते बघा, गाडी कशी वापरलीये ते तिथेच कळतं. बऱ्याच जणांनी नंतर काचेची खिडकी असलेलं हूड टाकून घेतलंय, ते असेल तर चांगलंच.

ओलं हूड पाडून ठेवायचं नाही, बुरशी येते आणि तो वास परत जात नाही. प्रेशर वॉशर शिवणींवर आणि रबरांवर मारायचा नाही. विनाइल चमकवायला पेट्रोलियमवाली पॉलिश लावतात लोक, दोन दिवस छान दिसतं, मग कडक होऊन चिरतं. दारांच्या आणि काचेच्या वरच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस बोटाने हलकं चोळत राहिलं की हूड घट्ट बसतं, वाऱ्याची शिट्टी पण कमी होते.

आणि निचऱ्याच्या भोकात कडक तार घालू नका प्लीज!! आतली नळी फाटते आणि मग पाणी थेट सिलमध्ये. जाड नायलॉनची लवचिक दोरी किंवा ट्रिमरची वायर घाला, हळूहळू फिरवत.

एक विचारते, तुमची उंची किती? सहा फुटांच्या वर असाल तर हूड लावून बसून बघा. उघड्या गाडीत सगळेच मावतात. डोकं समोरच्या काचेच्या चौकटीच्या वर येत असेल तर गंमत नाही, कारण कंपनीकडून रोल बार येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो.

टप_उघडा
सगळ्यांचे आभार, जाऊन आलो चुंबक आणि बाटली घेऊन. मालक जरा विचित्र नजरेने बघत होता. डाव्या बाजूला पाणी धो धो खाली आलं. उजवीकडे ओतलं तर वरच डबकं. चुंबक उजव्या चाकाच्या पुढे वीतभर जागेत चिकटलंच नाही, नुसतं घसरत खाली. जॅकवर दारं मात्र व्यवस्थित लागली. ऑईल वरूनच येतंय, सेन्सरखाली सगळं काळं चिकट. पुली स्थिर आहे. म्हणजे मी ज्याला घाबरत होतो ते सगळं ठीक आणि रंग बघून भाळलो होतो तिथेच घोळ. पुट्टीचं काय म्हणालो तर त्याचा सूरच बदलला, आता घ्यायची तर घ्या म्हणतो.

उंची पाच आठ, मावतो.

पाना_दहाबारा
मग सोडा. सिल कापून आतली थरं नव्याने बनवून वेल्डिंग करणारा चांगला माणूस हाताशी असेल आणि किंमत त्या कामाचा पूर्ण हिशोब धरून खाली येत असेल तर गोष्ट वेगळी, पण पुट्टीखाली किती खाल्लंय हे उघडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही आणि हा तर आत्ताच तोंड वाकडं करतोय. घाई कसली आहे. एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी बाहेर पडली, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतकी दुसरी कुठलीच विकली गेलेली नाही. सुटे भाग पण मिळतात, २०१७ मध्ये कंपनीने जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करून द्यायची योजना जाहीर केली आणि हूडपासून टायरपर्यंत काही भाग परत बनवायला घेतले. फिकट रंगाची, ओरखडे पडलेली पण कोरड्या पायांची बघा. दुसऱ्या पिढीची बघायला गेलात तर त्यात सिलबरोबर पुढच्या चेसिसच्या पट्ट्या, इंजिनच्या खालच्या, त्या पण ठोकून बघा, तिथे गंजतात.

टप_उघडा
ठीक, ही सोडली. तसंही अजून एक नजरेत आहे, १९९४ ची १.८, रंग पार उडालाय, हूडला ठिगळ आहे, पण काल हात घालून बघितलं तर सीटमागे खडखडीत कोरडं. दोन्हीकडून पाणी खाली आलं. एकच, डिकीत कोपऱ्यात बॅटरी आहे तिच्याखाली पत्र्यावर पांढरी भुकटी आणि थोडा तांबूस डाग. ते पण पाणीच का?

कापडी_छत
पाणी नाही, बॅटरीच. मूळची बॅटरी सीलबंद, एजीएम प्रकारची (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं) असते आणि तिचा वायू नळीने डिकीबाहेर सोडलेला असतो. कोणीतरी स्वस्तात साधी ॲसिडवाली बसवली असणार आणि नळी जोडलीच नसेल, त्याची वाफ डिकीतच राहते. बॅटरी बाहेर काढा, खाली पत्रा खरवडून बघा. वरवरचा गंज असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून, गंजरोधक प्राइमर मारून रंग लावा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर तेवढा तुकडा वेल्ड करावा लागेल, पण तिथला तुकडा सोपा असतो, सिलसारखा नाही. बॅटरी एजीएमच घ्या आणि नळी आठवणीने जोडा.

निवांत_गिअर
आणि गाडी उभी राहणार असेल तर ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा. एजीएमचं सेटिंग असलेला घ्या, जुना गॅरेजवाला मोठा चार्जर तिला लावू नका, जास्त व्होल्टेजने लवकर मरते. १.८ छान आहे, घ्या.