मदत हवी आहे : अकागी बघताना जपानी माजाँगमधला फुरितेनचा नियम अडलाय

सध्या अकागी बघतोय, माजाँग या ठोकळ्यांच्या खेळावरची २००५ ची २६ भागांची अ‍ॅनिमे. अकागीचा प्रतिस्पर्धी वाशिझू, त्याच्याबरोबरचा डाव सुरू झालाय, चारपैकी तीन ठोकळे पारदर्शक आणि पणाला रक्त, काय भारी कल्पना आहे राव! पण प्रत्येक चालीमागचं डोकं कळलं तरच यात खरी मजा आहे, म्हणून नियम शिकतोय. रिची (जिंकायला एकच ठोकळा बाकी असल्याची घोषणा), यकू (जिंकायला हातात लागणारी ठरावीक रचना), दोरा (जादा गुणांचा ठोकळा) समजलं. स्वतः टाकलेल्या ठोकळ्यांत आपण वाट बघत असलेला ठोकळा असेल तर दुसऱ्याने टाकलेल्या ठोकळ्यावर रॉन करता, म्हणजे तो घेऊन जिंकता येत नाही (हेच फुरितेन), स्वतः उचलून जिंकणं म्हणजे त्सुमो मात्र चालतं, हेही कळलं.

अडलंय ते पुढे. समजा माझा हात उघडा आहे (दुसऱ्यांनी टाकलेले ठोकळे घेऊन संच केलेत), रिची नाही, बांबूचे ७-८ धरून ६ किंवा ९ ची वाट बघतोय आणि यकू फक्त तान्याओ (हातात फक्त २ ते ८ चे ठोकळे), म्हणजे ९ वर यकूच नाही. समोरच्याने ९ टाकला, मला घेताच येत नाही. त्याच फेरीत, माझी उचलायची पाळी यायच्या आधी, तिसऱ्याने ६ टाकला.

ऑनलाइन खेळून बघितलं, तिथे ६ वर रॉनचं बटणच येत नाही पण कारण दाखवत नाहीत. जे लेख वाचले त्यात तात्पुरत्या फुरितेनसाठी (जिंकायचा ठोकळा सोडला की थोडा वेळ रॉन बंद) फक्त मुद्दाम सोडलेल्या ठोकळ्याचं उदाहरण आहे. चायनीज माजाँगचे नियम नकोत, जपानी चारजणांच्या खेळाचेच सांगा, इंग्रजी लिंक चालेल, जपानी वाचता येत नाही.

तर यकू नसल्यामुळे घेता न आलेला ९ सुद्धा तात्पुरत्या फुरितेनमध्ये धरतात का, आणि धरत असतील तर ते नक्की कधी सुटतं?