पोषण आणि इंटिग्रेटिव्ह हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय, कोणती वाट धरू?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. मायक्रोबायोलॉजीची पदवी आहे, नोकरी पूर्णवेळ आहे, राहणं अमेरिकेत. पोषण आणि इंटिग्रेटिव्ह हेल्थ या विषयात ऑनलाइन मास्टर्स करायचं मनात आहे. पुढे माणसांना समोर बसवून आहाराचा सल्ला द्यायचं काम करायचंय, त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर लावून भागणार नाही.
बजेट वेळेचं आहे: आठवड्याला १२ तास. त्यावर एक तासही निघणार नाही.
इंटिग्रेटिव्ह घ्यावं की सरळ डाएटेटिक्स? अर्ज करण्याआधी काय काय तपासावं? आणि १२ तासांत हे बसतं का?
नोकरी सोडा हा सल्ला कृपया नको.

रानवाट
तरीही सांगते, नोकरी सोडता आली तर बघाच. निदान प्रत्यक्ष सरावाच्या काळापुरती तरी. आणि डाएटेटिक्सच घ्या. आरडीएन (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) ही अक्षरं नावापुढे असली की रुग्णालय, डायलिसिस केंद्र, शाळा, कुठेही काम मिळतं. बाकीच्या पदव्यांना दर वेळी स्वतःची ओळख करून द्यावी लागते.

सूक्ष्मदर्शी
आरडीएनबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तो आधी दूर करतो. १ जानेवारी २०२४ पासून आरडीएनच्या परीक्षेला बसायला मास्टर्स लागतं, हे खरं. पण याचा अर्थ कुठलंही मास्टर्स केलं की परीक्षेला बसता येतं असा नाही. आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अॅसेंड या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि किमान १००० तासांचा देखरेखीखालचा सराव, हे दोन्ही लागतंच. इंटिग्रेटिव्ह हेल्थच्या पुष्कळ पदव्यांना विद्यापीठाची मान्यता असते, पण अॅसेंडची नसते. दोन मान्यता वेगळ्या आहेत. माहितीपत्रकावर 'मान्यताप्राप्त' एवढंच लिहिलेलं असतं आणि माणूस तिथेच फसतो. कोणाची मान्यता, ते विचारा.

अॅसेंड नसेल तर दुसरी वाट सीएनएसची, म्हणजे सर्टिफाइड न्यूट्रिशन स्पेशालिस्ट या प्रमाणपत्राची. तिथेही पोषण किंवा जवळच्या विषयातलं मास्टर्स, ठरावीक विषयांची क्रेडिट, परीक्षा आणि १००० तास. त्या तासांची विभागणी ठरलेली आहे: माणसाची स्थिती तपासण्याचे किमान २००, उपाययोजनेचे २००, पाठपुराव्याचे २००. लोक पहिल्या भेटींचेच तास गोळा करत बसतात आणि शेवटी पाठपुराव्याचे कमी पडतात, कारण त्यासाठी तोच माणूस पुन्हा पुन्हा यावा लागतो. म्हणून सराव जिथे कराल तिथे लोक दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला येतात का, ते बघा.

वैनतेय
+१ सूक्ष्मदर्शी. यात राज्याचा कायदाही धरा. कुठे परवान्याशिवाय आहाराचा वैयक्तिक सल्ला देता येत नाही, कुठे फक्त पदनाम राखीव आहे, कुठे सीएनएसवर परवाना मिळतो, कुठे नाही. ज्या राज्यात काम करणार त्या राज्याच्या परवाना मंडळाचं पान आधी उघडा, विद्यापीठाचं नंतर. ऑनलाइन पदवीत तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण विद्यापीठ एका राज्यात आणि तुम्ही दुसऱ्या.

कातरवेळ
सगळे परवान्यावरच बोलताय. विषयाचंही बोला की. 'इंटिग्रेटिव्ह' म्हणजे औषधं बंद करून पाला खायला लावणं असं अनेकांना वाटतं. मुळात अर्थ असा, की प्रस्थापित उपचार आणि पूरक पद्धती यांचा समन्वय साधून माणसाकडे पूर्ण म्हणून बघायचं. अमेरिकी सरकारच्या संशोधन केंद्राच्या नावातला 'पर्यायी' हा शब्द २०१४ मध्ये गेला आणि 'इंटिग्रेटिव्ह' आला, तो याच समजुतीतून.

चांगला अभ्यासक्रम ओळखायची माझी खूण एकच: औषध-पोषक-वनस्पती यांच्या परस्परक्रियेवर स्वतंत्र पेपर आहे का? सेंट जॉन्स वर्ट ही साधी वनस्पती, मन उदास असलं की लोक स्वतःहून घेतात. ती यकृतातलं, औषधं मोडणारं सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवते, मग सायक्लोस्पोरिन (प्रत्यारोपणानंतर घ्यायचं औषध) आणि गर्भनिरोधक गोळ्या लवकर निकामी होतात. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने हे घेतलं तर शरीर नवा अवयव नाकारू शकतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासायला हवं. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत ४ तासांचं अंतर. हे सगळं ज्याला तोंडपाठ नाही त्याने सप्लिमेंटला हात लावू नये.

सूक्ष्मदर्शी
यात बायोटिन या जीवनसत्त्वाची भर घाला. केसांसाठी म्हणून मोठ्या मात्रेत घेतात आणि रक्ततपासणीच बिघडते: टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असल्याचं चित्र. हृदयविकाराच्या झटक्यासाठी बघतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं. म्हणून पहिल्याच भेटीत बाटल्या घेऊन यायला सांगावं आणि लेबलवरचा आकडा स्वतः वाचावा. नुसतं 'मल्टिव्हिटॅमिन घेते' एवढ्यावर सोडू नये.

निळीशाई
इंटिग्रेटिव्हचा पुरस्कार चाललाय म्हणून विचारते, त्याच अभ्यासक्रमांत रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडावरून 'फूड सेन्सिटिव्हिटी' सांगणाऱ्या चाचण्या शिकवतात, त्याचं काय? आयजीजी म्हणजे तो पदार्थ पोटात गेला होता याची खूण. बरेचदा तर सहनशीलतेची. त्या अहवालावरून वीस पदार्थ बंद करायचे आणि माणूस वाळवायचा?

कातरवेळ
सरसकट असं म्हणू नका. चांगल्या ठिकाणी ती चाचणी का वापरू नये हे शिकवतात. संशय असेल तर पदार्थ काही आठवडे थांबवून एकेक करून परत आणायचा आणि नोंद ठेवायची, हाच रस्ता.

निळीशाई
'चांगल्या ठिकाणी' हेच तर म्हणतेय. सिलॅबस मागवा आणि 'आयजीजी' हा एक शब्द शोधा. चाचणी विकायला शिकवत असतील तर अर्ज करू नका. आणि आयजीई वेगळं, ते खऱ्या अॅलर्जीचं, दोन्हींत गल्लत करणारा शिक्षक असेल तर तिथून निघा.

वैनतेय
पण मूळ प्रश्न राहिला. परवाना बघा.

धुकं
वेळेचं गणित कोणीच केलं नाही, मी करते. क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, हे तिथलं रूढ माप. ३ क्रेडिटचा एक विषय म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ९ तास. तुमच्या १२ तासांत बसला. पण ऑनलाइन ठिकाणी ८ आठवड्यांची सत्रं असतात, तिथे तोच विषय जवळपास १७ तास मागतो. नाही बसत. म्हणजे तुमची पहिली चाळणी हीच: लांब सत्र हवं.

समजा पदवी ३६ क्रेडिटची आहे. १२ विषय, वर्षाला तीन केले तर चार वर्षं. उन्हाळी सत्र आखूड असतं, तेव्हा ते सोडलं तर सहा. आता १००० तास: आठवड्याला १२ धरले तर ८४ आठवडे, दीड वर्षाच्या वर. विषय आणि सराव एकत्र चालवले तर ९ तास विषयात गेल्यावर सरावाला तीनच उरतात. तेव्हा दोन्ही एकापाठोपाठ एक धरा. आणि पदवी किती वर्षांत संपवायला हवी याची मर्यादा विचारा, बहुतेक ठिकाणी असते.

रानवाट
म्हणूनच म्हणत होते, नोकरी सोडा.

अर्धविराम
रानवाटताई, नाही सोडता येत. धुकं, हे गणित मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आभार.

मीठमोहरी
उशिरा आले. प्रीसेप्टर, म्हणजे सरावावर देखरेख करणारा तज्ज्ञ, आधी शोधा, वर कोणी सांगितलं असेल तर माफ करा. ऑनलाइन पदवीत सरावाची जागा पुष्कळदा विद्यार्थ्यानेच शोधायची असते. जागा सापडली तरी विद्यापीठ आणि ती संस्था यांच्यात करार व्हावा लागतो, त्यात वकिलांकडे कागद फिरतात आणि आठवडे, कधी महिने जातात. शिवाय लसीकरणाच्या नोंदी, पार्श्वभूमी तपासणी, व्यावसायिक विमा. सत्र सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी लागा. 'आमचे विद्यार्थी सहज जागा मिळवतात' हे उत्तर घेऊ नका. करार झालेल्या संस्थांची यादी मागा, आणि त्यांतली संध्याकाळी किंवा शनिवारी चालणारी कोणती, ते विचारा. नोकरी करणाऱ्याला तीच उपयोगी.

दुसरं, समुपदेशन शिकवतात का बघा. २४ तासांचं आहारस्मरण, म्हणजे दिवसभरात काय खाल्लं ते विचारून घ्यायला, पाच टप्पे असतात. आधी माणसाला न टोकता भरभर सांगू द्यायचं. मग विसरलेलं आठवून द्यायचं: पेयं, गोड, मधल्या वेळचं. मग वेळ आणि खाण्याचा प्रसंग. मग तपशील: वाटी केवढी, तेल किती, साखर वरून घातली का. शेवटी एक अखेरचा प्रश्न. नवशिके पहिल्याच टप्प्यात 'किती?' विचारतात, समोरचा सावध होतो आणि पुढचं सगळं छाटून सांगतो. हे व्हिडिओ बघून येत नाही, कोणीतरी शेजारी बसून चूक दाखवावी लागते.

वैनतेय
+१, प्रीसेप्टर आधी. आणि परवाना.

निळीशाई
संख्याशास्त्र टाळणारी पदवी घेऊ नका, एवढं माझं शेवटचं. हजारांत २ वरून ३ झाले की जाहिरात 'धोका ५० टक्के वाढला' म्हणते. हजारांत एक वाढला, हे ज्याला दिसत नाही तो रुग्णाला घाबरवून सोडेल.

अर्धविराम
सगळ्यांचं वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं. बहुतेकांचा कल डाएटेटिक्सकडे आहे हे कळतंय, तरी मी इंटिग्रेटिव्हच घेतेय. कारण कातरवेळने लिहिलेलं. औषधं आणि सप्लिमेंट एकत्र घेणाऱ्या माणसांबरोबरच मला काम करायचंय, रुग्णालयात नाही. राज्याच्या परवाना मंडळाचं पान पाहिलं, सीएनएस चालतं. १५ आठवड्यांची सत्रं असलेली जागा निवडली आहे, एका वेळी एकच विषय, पदवीला मर्यादा सात वर्षं. परस्परक्रियांचा पेपर आहे, आयजीजी सिलॅबसमध्ये नाही. सराव पदवीनंतर.
एकच अडचण: माझी बायोकेमिस्ट्री नऊ वर्षं जुनी आहे.

धुकं
मग ती बहुधा परत करावी लागेल. पूर्वअटीचे विषय पाच ते सात वर्षांहून जुने असले तर बरीच विद्यापीठं धरत नाहीत. एकच विषय सुटा घेता येतो, तोही तुमच्या १२ तासांत बसेल. प्रयोगशाळेसह हवा की नुसता, हे पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.