टोकियो ऑलिम्पिक: रिबन पडूनही लिनोय अश्रमला सुवर्ण कसं?

तेरा_बाय_तेरा: ७ ऑगस्ट २०२१ ची रिदमिक जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक अंतिम फेरी परत पाहिली. हूप (कडं), बॉल, क्लब्ज (हातात धरायच्या दोन छोट्या गदा) आणि रिबन या चार प्रकारांपैकी शेवटच्यात इस्रायलच्या लिनोय अश्रमची रिबन हातून सुटली, तरी १०७.८०० गुणांनी पहिली तीच. रशियाची दिना अवेरिना १०७.६५० वर. रिबन पडली की नेमके किती गुण जातात? आणि दोघींचेही रिबनचे गुण इतर प्रकारांपेक्षा एवढे कमी का?

गुणफलक: आधी आकडे मांडा. हूप: अश्रम २७.५५०, अवेरिना २७.२००. बॉल: दोघी २८.३००. क्लब्ज: २८.६५० आणि २८.१५०. म्हणजे रिबन हातात घेण्याआधीच अश्रम ०.८५० ने पुढे. रिबनला तिला २३.३००, अवेरिनाला २४.०००. ०.७०० गेले, ०.१५० उरले. सगळे त्या सुटलेल्या रिबनबद्दलच बोलतात. माझ्या मते पदक क्लब्जनी मिळवून दिलं.

वजावट: तेव्हाच्या नियमांत ई (सादरीकरण) १० पासून खाली यायचा. डी (काठिण्य) ला २०१८ पासून वरची मर्यादाच नव्हती. साधन (हूप, बॉल, क्लब्ज किंवा रिबन) सुटलं आणि जागेवरच उचललं तर ई मधून ०.५०, एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७०, तीन किंवा जास्त पावलांना १.००. चौकटीबाहेर गेलं तर आणखी ०.३०.

पण खरा फटका डी ला बसतो. ‘रिस्क’ म्हणजे साधन उंच फेकायचं, ते हवेत असताना किमान दोन पूर्ण फिरक्या घ्यायच्या आणि झेलायचं. झेल सुटला की फिरक्या कितीही सुंदर असोत, त्या रिस्कचे गुण शून्य. वर संगीत थांबत नाही. एका साधनाचं सगळं सादरीकरण ७५ ते ९० सेकंदांचं, त्यामुळे रिबन गोळा करेपर्यंत पुढचे एक-दोन घटकही हुकतात.

सहा_मीटर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कापडात आहे. सिनियर गटाची रिबन ६ मीटर लांब, ४ ते ६ सेंमी रुंद. काठी ५० ते ६० सेंमी. बॉल पाठीवर, पायांत, नजरेआड पटापट झेलता येतो आणि प्रत्येक झेल गुण देतो. रिबनचं शेपूट मागून येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून तेवढ्याच वेळात घटक कमी बसतात. शिवाय आकृती जिवंत हवी: स्पायरलमध्ये (मळसूत्रासारख्या आकृतीत) ४-५ वेटोळी, एकमेकांजवळ आणि सारख्या उंचीची. मनगट ढिलं पडलं की वेटोळी पसरतात. फेकताना काठी शेपटातून आरपार गेली तर गाठ बसते आणि मग आकृतीच उमटत नाही. (सभागृहातल्या एसीच्या झोताला सगळ्यात जास्त घाबरतात त्या रिबनवाल्याच!)

तेरा_बाय_तेरा: मस्त, आता उलगडलं. मग २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला जर्मनीच्या दार्या वार्फोलोमेवला १४२.८५० कसे मिळाले? एवढी प्रगती?

वजावट: नाही हो, मोजपट्टीच बदलली. २०२२ पासून कलात्मकतेला वेगळे १० आहेत, आणि डी चे शरीर व साधन असे दोन भाग स्वतंत्र मोजतात. टोकियो आणि पॅरिसच्या बेरजा शेजारी ठेवूच नका.

गुणफलक: अवेरिनाच्या रिबनच्या गुणांवर रशियाने दाद मागितली होती, ती फेटाळली गेली. २००० ते २०१६ हे सुवर्ण ओळीने पाच वेळा रशियाकडे होतं, तेव्हा आरडाओरडा होणारच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या किताक्युशूला अवेरिनाने चौथं जागतिक ऑल-अराउंड (चारही प्रकारांच्या बेरजेचं) विजेतेपद मिळवलं.